काळ्या-पांढऱ्या चित्राची चाल

दिवाळी अंक घरात आला की मोठी माणसे अनुक्रमणिका पाहतात आणि मुले चित्रे पाहतात. मुलांचे वागणेच अधिक शहाणपणाचे असते, असे मला पुष्कळदा वाटते. कथेच्या डोक्यावर काढलेले काळ्या शाईचे चित्र, पाचसहा रेघांत उभी केलेली म्हातारी, तिच्या पाठीमागचा अर्धवट दरवाजा, हे सारे कथेआधी भेटते आणि कथा विसरल्यावरही डोळ्यांपुढे राहते. पण अलीकडे मुले ते चित्र पाहून एक नवीनच प्रश्न विचारू लागली आहेत. ‘हे चित्र हलवता येईल का? आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आज बहुतेक घरांत संगणक नाही तरी मोबाइल आहे, आणि त्यात छायाचित्र घालून ते हलते करून देणारी सोय आहे. तेव्हा प्रश्न घराघरांतला झाला आहे. परंतु त्याचे उत्तर साधारणपणे एखाद्या यंत्राची शिफारस करावी तसे दिले जाते. अमुक घ्या, ते स्वस्त आहे. तमुक घ्या, ते सोपे आहे. माझ्या मते हा प्रश्न मुळात यंत्राचा नाही, रसिकतेचा आहे. एखाद्या चित्रासाठी साधन निवडणे म्हणजे त्या चित्रावर अभिप्राय देणे होय. या चित्रात जिवंत काय आहे, निश्चल काय आहे, आणि कशाला हात लावायचा नाही, हे साधन हाती घेण्यापूर्वीच ठरवावे लागते. जो हे ठरवत नाही त्याच्यासाठी साधनच ते ठरवून टाकते, आणि साधनाला तर चित्र कळत नाही.

प्रथम काळे-पांढरे चित्र म्हणजे काय, ते थोडे पाहू. रंगीत चित्रात निळे ते आभाळ, हिरवे ते शेत, अशी निदान ढोबळ वाटणी झालेली असते. काळ्या शाईच्या चित्रात तसे नसते. तिथे एकच कोरा कागद एका जागी आभाळ होतो, दुसऱ्या जागी बाईचे लुगडे होतो, तिसऱ्या जागी भिंतीवरचे ऊन होतो. चित्रकाराने तिथे काहीही केलेले नसते. शेजारच्या रेघांनी त्या कोऱ्या जागेला अर्थ दिलेला असतो, आणि पाहणाऱ्याचा डोळा तो अर्थ बिनतक्रार स्वीकारतो. आता या चित्रातली बाई हलवायची म्हटली की पहिला प्रश्न उभा राहतो: कोणता पांढरा बाईचा आणि कोणता आभाळाचा? संगणकाला तर सगळा पांढरा सारखाच. बाई कापून बाजूला सरकवली की तिच्या जागी भोक पडते. तिच्यामागे काय होते ते चित्रकाराने काढलेलेच नव्हते, कारण त्याला त्याची गरज नव्हती. ते भोक आता दुसऱ्या कुणीतरी भरायचे असते. म्हणजे चित्र हलवण्याच्या पहिल्याच पायरीला आपण मूळ चित्रकाराचे भागीदार होतो, त्याची इच्छा असो वा नसो.

दुसरी अडचण छायेची. टाकाने काढलेल्या चित्रात सावली म्हणजे बारीक रेघांची जाळी. आडव्या रेघा, त्यांवर तिरप्या रेघा, जिथे अंधार अधिक तिथे दाटी अधिक. हात हलवायचा म्हणून हाताचा भाग रबरासारखा ताणला की त्या रेघाही ताणल्या जातात, कोपरापाशी जाड होतात, मनगटापाशी चिकटतात. कागदावर जी सावली होती तिची विणलेली पिशवी होते. ज्याने कधी टाक हातात धरला आहे त्याला हे क्षणात खटकते. इतरांना काय खटकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे झाले एवढे जाणवते.

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. ती संगणकाहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्याशी एका माणसाने जी झुंज घेतली तिची हकीकत फार उद्बोधक आहे. अलेक्झांद्र अलेक्सेयेफ हा १९०१ साली रशियात जन्मलेला चित्रकार. क्रांतीनंतर तो पॅरिसला आला आणि पुस्तकांसाठी कोरीव ठशांची चित्रे काढू लागला. गोगोल, दस्तयेव्हस्की यांच्या पुस्तकांना त्याने केलेली चित्रे नावाजली गेली. काळ्यातून करड्यात आणि करड्यातून पांढऱ्यात हळूहळू विरत जाणारी छाया हे त्या चित्रांचे वैशिष्ट्य. या चित्रांना चाल द्यावी असे त्याच्या मनाने घेतले. त्या काळी उपलब्ध असलेली चलच्चित्राची रीत म्हणजे स्वच्छ बाह्यरेषा काढायची आणि आतला भाग सपाट रंगाने भरायचा. त्या रीतीत गंमत होती, पण त्याची छाया नव्हती. त्याने आपले चित्र त्या रीतीत कोंबले असते तर चित्र हलले असते, परंतु ते त्याचे उरले नसते.

म्हणून त्याने साधनच नवे घडवले. क्लेअर पार्कर ही अमेरिकन तरुणी चित्रकला शिकायला पॅरिसला आली होती. तिच्यासह त्याने टाचण्यांचा पडदा तयार केला. उभा पांढरा पडदा, त्यात आरपार बसवलेल्या लक्षावधी बारीक टाचण्या, आणि बाजूने तिरपा पडणारा प्रकाश. टाचणी पुढे आली की तिची सावली पडद्यावर लांब पडते. सगळ्या पुढे आल्या की पडदा काळाभोर. टाचणी आत गेली की सावली नाही, म्हणजे पांढरे. मधल्या स्थितीत करडे. एक जण पुढून टाचण्या आत दाबणार, दुसरा पाठीमागून त्या बाहेर ढकलणार. एक चित्र जमले की त्याचे छायाचित्र घ्यायचे, मग तेच चित्र किंचित बदलायचे, पुन्हा छायाचित्र. मागचे चित्र परत मिळत नाही. पुढचे चित्र मागच्या चित्राच्या मोडणीतूनच तयार होते. अशा रीतीने मुसोर्गस्कीच्या संगीतावर त्यांनी केलेला ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ हा सुमारे ८ मिनिटांचा चित्रपट १९३३ साली पुरा झाला. त्यात भुते येतात, घोडे येतात, धुक्यातून मुखवटे उमटतात आणि विरतात. जणू एखादा कोरीव ठसा स्वप्न पाहतो आहे. टीकाकारांनी कौतुक केले, पैसा मात्र मिळाला नाही, आणि या जोडप्याने पुढे जाहिरातीच्या चित्रपटांवर पोट भरले.

या हकीकतीतून मी एवढेच घेतो: अलेक्सेयेफने ‘कोणते साधन चांगले?’ असे विचारले नाही. ‘माझ्या चित्रातली कोणती गोष्ट गेली तर चित्र जाईल?’ असे त्याने विचारले. उत्तर आले, छाया. मग छाया सांभाळणारे साधन त्याने शोधले, आणि ते सापडेना तेव्हा केले. आपल्याला लक्षावधी टाचण्या ओवायच्या नाहीत. पण त्याचा प्रश्न आपल्याला फुकट वापरता येतो.

तोच प्रश्न दुसऱ्या चित्राला विचारला तर उत्तर वेगळे येते. अमेरिकेत विन्सर मॅके याने १९१४ साली ‘गर्टी’ नावाची एक प्रचंड पण लडिवाळ प्राणिका पडद्यावर आणली. मॅके वर्तमानपत्रांत चित्रमालिका काढणारा. त्याचे सारे सामर्थ्य रेघेत. त्याच्या चित्रातून रेघ गेली असती तर काहीच उरले नसते. म्हणून त्याने प्रत्येक चित्र नव्याने काढले. गर्टी तर काढलीच, पण तिच्यामागचा न हलणारा डोंगर आणि तळेसुद्धा प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवावे लागले. ते कंटाळवाणे काम त्याचा एक तरुण मदतनीस करी. हाताने हजारो वेळा गिरवलेली रेघ दरवेळी केसभर इकडेतिकडे होते, म्हणून तो स्थिर डोंगरही पडद्यावर किंचित थरथरतो. आजच्या यंत्राच्या नजरेने हा दोष. मला मात्र त्या थरथरीत शाईची ऊब वाटते. ज्या हाताने गर्टी काढली त्याच जातीच्या हाताने डोंगर काढला आहे, हे ती सांगते.

जर्मनीत लोटे रायनिगर हिने कात्री निवडली. काळ्या कागदाच्या आकृत्या कापायच्या, सांध्यांना तारेने जोडायच्या, खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवायच्या, आणि बोटाने किंचित सरकवून एकेक छायाचित्र घ्यायचे. तीन वर्षे खपून तिने केलेला ‘राजपुत्र अहमद’ १९२६ साली पडद्यावर आला. त्या आकृत्यांना चेहरा नाही, डोळ्यांत भाव नाही. सारा भाव मानेच्या कलण्यात आणि बोटांच्या टोकांत. तिच्या चित्रातून जायला नको ती गोष्ट होती कड. काळा आकार जिथे संपतो आणि उजेड जिथे सुरू होतो ती धार. कात्रीइतकी स्वच्छ धार दुसरे कोणते साधन देणार?

छाया, रेघ, कड. आणखी एक चौथी जात आहे. तिथे चित्रातले काहीच हलत नाही, पाहणाऱ्याची नजर हलते. कॅनडात १९५७ साली कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांनी ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा माहितीपट केला. १८९८ च्या सुमारास सोन्याच्या आशेने डॉसन गावी लोटलेल्या माणसांची जुनी काळी-पांढरी छायाचित्रे त्यांच्या हाती होती. त्यांनी त्या माणसांना हलवले नाही. कॅमेराच छायाचित्रावरून संथपणे फिरवला. बर्फाच्या कड्यावर मुंग्यांसारखी चढणारी रांग, मग त्या रांगेतला एक चेहरा. पुढे केन बर्न्स या अमेरिकन दिग्दर्शकाने ही रीत इतकी वापरली की संगणकातल्या एका सोयीला त्याचेच नाव मिळाले. आणि १९६२ साली फ्रान्समध्ये क्रिस मार्करने ‘ला जेते’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांवर उभा केला. त्यात एकदाच, अगदी काही क्षण, झोपेतून जागी होणारी एक स्त्री डोळे उघडते. सगळा चित्रपट हलला असता तर तिची ती पापणी कुणाला दिसली असती का? स्थिरतेच्या साठ्यातून हालचाल काटकसरीने खर्च केली तरच तिला मोल येते, हा धडा मला त्या पापणीने शिकवला.

आता आजच्या साधनांकडे वळू. त्यांची नावे पुष्कळ असली तरी वर सांगितलेल्या जातींतच ती मोडतात. नुसती नजर फिरवायची असेल तर चित्रफीत जुळवणारे कोणतेही साधे सॉफ्टवेअर पुरते; डाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती या कामाला उदंड आहे. इथे काळजी एकच. बारीक रेघांच्या जाळीवरून कॅमेरा हळूहळू सरकवला की पडद्याचे ठिपके आणि चित्राच्या रेघा एकमेकांत अडकून चमचम करतात. चित्र मुळातच मोठे स्कॅन केले, आणि सरकण्याची गती व रेघांची किनार थोडी मऊ केली, तर हा त्रास कमी होतो.

कात्रीची रीत हवी असेल, म्हणजे चित्राचे भाग कापून, थरांवर थर ठेवून, सांधे हलवायचे असतील, तर आफ्टर इफेक्ट्स हे व्यावसायिकांचे साधन आहे. त्यात चित्रावर ठिकठिकाणी टाचणी टोचून भाग हलवण्याची सोय आहे. पण त्यासाठी वर्गणी भरत राहावी लागते, आणि घरच्या हौसेला ते बहुधा झेपत नाही. सिनफिग आणि ब्लेंडर फुकट आहेत. फुकट म्हणजे हलके, असा समज मात्र करून घेऊ नये. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट संपूर्णपणे ब्लेंडरवर तयार झाला आहे. या रीतीसाठी चित्र सावधपणे निवडावे. ज्यात ठळक, स्वच्छ कडा आहेत, सपाट काळे ठसे आहेत, लिनोवर किंवा लाकडावर कोरल्यासारखे जे दिसते, ते कापले तरी मरत नाही. जाळीच्या छायेचे चित्र मरते.

रेघ हेच ज्याचे सर्वस्व आहे ते चित्र मात्र पुन्हा काढण्यावाचून गत्यंतर नाही. क्रिटा, पेन्सिल टू-डी, ओपनटून्झ ही तिन्ही त्यासाठी आहेत आणि तिन्ही फुकट आहेत; शेवटचे तर जपानच्या घिब्ली स्टुडिओत वापरल्या गेलेल्या सॉफ्टवेअरचेच २०१६ साली सर्वांसाठी खुले केलेले रूप. हिशेब इथे आधीच करून ठेवावा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे, आणि १० सेकंदांना १२०. हा आकडा ऐकून मुले पळतात. पळू द्यावीत, जी उरतात त्यांना चित्रकला येऊ लागते.

मूळ चित्र कागदावरून संगणकात नेताना एक करावे. ते करड्या छटांत, इंचाला निदान ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन करावे. ‘काळे आणि पांढरे’ अशी सोय यंत्र पुढे करते, तिला भुलू नये. तिच्यात शाईची फिकट कड एकतर पुरी काळी होते नाहीतर नाहीशी होते, आणि टाकाची रेघ करवतीसारखी दातेरी दिसते. मग शाईचा थर ‘मल्टिप्लाय’ या सोयीने कागदाच्या थरावर टाकावा. पांढरे आपोआप पारदर्शक होते आणि शाई तेवढी उरते.

आमच्या शाळेच्या जुन्या हस्तलिखितात ड्रॉइंगमास्तरांचे एक चित्र आहे. विहीर, रहाट, दोर ओढणारी एक बाई, आणि थारोळ्याच्या दगडावर बसलेला कावळा. सगळे टाकाने. बाई आपल्याकडे पाठ करून वाकलेली आहे आणि दोर ताणलेला आहे. पोहरा दिसत नाही, तो विहिरीत आहे. गेल्या वर्षी नववीतल्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी ते हलते करायचे ठरवले. पहिल्या खेपेला त्यांनी ते चित्र एका अशा सोयीत घातले की जिला चित्र द्यावे, दोन ओळी लिहाव्यात आणि पाच-सात सेकंदांची फीत घ्यावी. फीत आली. बाईने मान वळवून आपल्याकडे पाहिले आणि ती गोड हसली. कावळा उडाला. आभाळात ढग सरकले, पदर फडफडला, आणि विहिरीतून भरलेला पोहरा वर आला. मुले खूश झाली.

मास्तर आता निवृत्त आहेत. त्यांना ती फीत दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, ‘बाईचा चेहरा कुणी काढला?’ मुले एकमेकांकडे पाहू लागली. चेहरा कुणीच काढला नव्हता. मास्तर म्हणाले, ‘मीही काढला नव्हता. ती पाठमोरी आहे, म्हणून तर चित्र आहे.’

पुढचा महिनाभर मुलांनी दुसरी फीत केली. त्यात बाई हलत नाही, कावळा हलत नाही. फक्त रहाटापासून विहिरीत उतरणारा तो ताणलेला दोर बारीक थरथरतो, आणि तळातून पाण्याचा आवाज येतो. दोराच्या रेघा मुलांनी हाताने चोवीस वेळा काढल्या आणि त्याच फिरवून फिरवून वापरल्या. बाकी चित्र जसेच्या तसे. मास्तरांनी ती तीनदा लावायला सांगितली. मग म्हणाले, ‘दोर जरा उशिरा हलायला हवा. आधी लोकांना बाई बघू दे.’ मुलांनी सुरुवातीला चार सेकंद वाढवले. स्नेहसंमेलनात ती फीत दाखवली तेव्हा सभागृहात आपोआप शांतता झाली. त्या दोराच्या टोकाला किती ओझे आहे, ते आता दिसत होते.

कृत्रिम बुद्धीच्या साधनांविरुद्ध माझी तक्रार ती खोटे करतात अशी नाही. कला खोटेच करते. तक्रार अशी की ती सरासरी करतात. अगणित फिती पाहून, अशा चित्रात बहुधा काय हलते, ते त्यांनी शिकून ठेवलेले असते. पदर बहुधा फडफडतो, ढग बहुधा सरकतात, माणूस बहुधा आपल्याकडे पाहून हसतो. पण चांगले चित्र ‘बहुधा’ला नकार देऊनच चांगले झालेले असते. पाठमोरी बाई हा नकार होता. तो त्या सोयीला उणीव वाटला आणि तिने तत्परतेने भरून काढला. याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत असा नव्हे. कापलेल्या आकृतीमागचे भोक भरणे, दोन चित्रांमधली चित्रे सुचवणे, स्कॅनवरचे डाग काढणे असल्या मजुरीच्या कामांत ती चांगली राबतात. त्यांच्याकडे निवड सोपवू नये, एवढेच.

हा विषय केवळ कलेपुरता राहत नाही, तो आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीपर्यंत येतो. तिथे आजीचे एखादे काळे-पांढरे छायाचित्र असते. डोक्यावर पदर, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. २०२१ च्या फेब्रुवारीत मायहेरिटेज या कंपनीने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ नावाची सोय काढली. तिच्यात जुन्या छायाचित्रातला चेहरा पापण्या लववतो, मान वळवतो, मंद हसतो. जगभर माणसे ते पाहून रडली, आणि त्या रडण्याला हसण्याचा अधिकार मला नाही. मात्र ते घडते कसे, ते घरातल्यांना ठाऊक असावे. हालचाली आधीच चित्रित करून ठेवलेल्या असतात. कुणा अनोळखी माणसाच्या हालचालीचा साचा आपल्या आजीच्या चेहऱ्यावर बसवला जातो. मान वळते ती आजीची नव्हे. हसू तिचे नव्हे. ज्यांनी तिला पाहिले होते त्यांना हे कळेल आणि ते मनात तिचे हसू वेगळे ठेवतील. ज्या नातवाने तिला कधी पाहिलेच नाही त्याच्यासाठी मात्र हीच आजी होईल. त्या छायाचित्रात आजी का हसली नव्हती, हे त्याला सांगायला कुणीतरी शेजारी बसायला हवे.

जिवंत चित्रकाराच्या बाबतीत तर विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे राखला आहे. शिवाय चित्र विकले तरी त्याची मोडतोड करून आपल्या नावाला बाध आणण्याविरुद्ध उभे राहण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. चित्र भिंतीवर आपले असले तरी त्यातली बाई आपल्या हुकमाने मान वळवायला बांधलेली नाही.

चित्र हलवावेच का, असाही प्रश्न कुणी विचारील. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी कुंडीतला वाटाण्याचा वेल वाढताना टप्प्याटप्प्याने चित्रित केला होता, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. काडेपेटीतल्या काड्या नाचवाव्यात हा मोह ज्या माणसाला झाला तो आपल्या चित्रपटांचा जनक आहे. तेव्हा हलवण्याचा मोह हीन नाही. पण त्याला वेळकाळ कळला पाहिजे. अलेक्सेयेफकडे पुन्हा पाहा. १९६२ साली ऑर्सन वेल्सने काफ्काच्या ‘द ट्रायल’वर चित्रपट केला तेव्हा सुरुवातीची दृष्टांतकथा टाचण्यांच्या पडद्यावर करून घेतली. कायद्याच्या दारात जन्मभर बसून राहिलेल्या माणसाची ती कथा. ज्या साधनाने भुतांचे घोडे दौडवले त्याच साधनावर या जोडप्याने तिथे स्थिर चित्रे केली. ती एकामागून एक येतात आणि वेल्सचा आवाज कथा सांगतो. दारात खोळंबलेल्या माणसाला हलवून काय साधणार होते?

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर कलावंतांकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदांवर रंगवलेले; निवेदक एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातो. चित्र जराही हलत नाही, हलतो तो आवाज. आणि त्याच कलावंतांकडे चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. दिव्यापुढे धरल्या की पडद्यावर त्यांच्या सावल्या चालतात, भांडतात, झुंजतात. रायनिगरची कात्री आणि वेल्सचा आवाज, दोन्ही तिथे एकाच घरात नांदतात. कोणती कथा पोथीतून सांगायची आणि कोणती पडद्यावर खेळवायची, याचा विवेक त्या परंपरेने पिढ्यानपिढ्या सांभाळला. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कळसूत्री आणि चित्रकथीबरोबर या विवेकाचाही गौरव झाला, असे मी समजतो.

तेव्हा या सुट्टीत तुमच्या मुलाने एखादे चित्र पुढे करून सॉफ्टवेअरचे नाव विचारले तर लगेच नाव सांगू नका. चित्र पंधरा मिनिटे समोर ठेवायला सांगा. हाताच्या तळव्याने त्याचा एकेक भाग झाकून पाहू द्या. ज्या भागावाचून चित्र पडते तो भाग त्याला आपोआप सापडेल. मग कागदावर एक वाक्य लिहायला सांगा: यात अमुक एक गोष्ट हलेल, इतका वेळ हलेल, आणि बाकीचे थांबेल. ते वाक्य लिहिता आले तर साधन सापडायला वेळ लागत नाही, आणि ते बहुधा फुकटचेच असते. वाक्य लिहिता आले नाही, तर ते चित्र थांबण्यासाठीच काढलेले आहे असे समजावे, आणि त्याच्याशेजारी बसून त्याची गोष्ट सांगावी.